गाडी घरी बांधली, पण मागं बसणार कोण?



आज आपण बोलणार आहोत मोटारसायकलबद्दल. त्यातही घरी, अंगणात बांधलेल्या मोटारसायकलबद्दल. तिचा पत्रा कसा बसवायचा आणि दिवे कसे लावायचे, हा आजचा विषय. "हे पुरुषांचं काम, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडी बांधणारा पोरगा आपला असतो. भंगारातलं इंजिन आणायला पैसे बऱ्याचदा आपणच गटातून उचलून दिलेले असतात. आणि गाडी तयार झाली की साडी सावरून मागं बसणारीही आपणच असतो.

आपल्या येरमाळ्यावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. रात्रंदिवस ट्रक चालू असतात. ऊसतोडीच्या दिवसांत लांबच लांब ट्रॉल्या असतात. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला माणूस लोटतो, तेव्हा तर एकेका गाडीवर तिघं-तिघं असतात. अशा रस्त्यावर दिवा नसलेली, मडगार्ड कापलेली गाडी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून आज पत्रा आणि दिवे या दोनच गोष्टी नीट समजून घेऊ.

हातात कला असणं ही मोठी गोष्ट आहे, हे आधी मान्य करू. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी गाडी बांधली. पायानं किक मारून चालू होणारी. खर्च आला सुमारे ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पोचली. महिंद्रा कंपनीच्या आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली: ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून ती गाडी घेऊन त्यांनी त्या कुटुंबाला जानेवारी २०२२ मध्ये नवी बोलेरो दिली. त्यांच्या कलेला मान मिळाला, पण नियम काही बदलला नाही. हे दोन्ही लक्षात ठेवू.

आता पत्र्याकडे वळू. मैत्रिणींनो, ज्यांना ब्लाउज बेतता येतो त्यांना पत्र्याचं निम्मं काम आधीच येतं. आधी जुन्या वर्तमानपत्राचा कागद गाडीवर धरून बेत काढायचा, मग तो पुठ्ठ्यावर उतरवायचा. पुठ्ठा गाडीला बांधून बघायचा आणि नीट बसला की मगच पत्र्याला कात्री लावायची. कापड चुकलं तर पट्टी जोडता येते, पत्रा चुकला तर भंगारात जातो. दुमडायला जागा सोडायची, जशी आपण शिवणीला सोडतो. गोलाई हवी असेल तिथं टक्स घेतो तशी पाचर कापायची आणि दोन्ही कडा जवळ आणून वेल्डिंग करायचं. हलकी गोलाई असेल तर वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं हळूहळू ठोकायचं.

पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात. शिलाईच्या धाग्याचा नंबर वाढला की धागा बारीक होतो, तसंच इथं. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाड आणि २० गेजचा साधारण ०.९ मिलिमीटर. बाजूच्या झाकणाला २० गेज पुरतो. मडगार्डावर खड्ड्यांचे हादरे बसतात, तिथं जाड पत्रा बरा.

कापलेली कड उघडी ठेवायची नाही. बादलीची, घमेल्याची कड बघा, आत वळवलेली असते. त्यानं पत्रा ताठ राहतो आणि हात-पाय कापत नाहीत. नट-बोल्ट आवळताना मध्ये जुन्या ट्यूबचा रबरी वायसर घालायचा. नाहीतर इंजिनाच्या थरथरीनं भोकापासून पत्रा चिरत जातो. मडगार्ड आणि टायर यांच्यातलं अंतर गाडी रिकामी असताना मोजू नका. दोन वजनदार माणसं बसवा, शॉकअप खाली दबू द्या, आणि मग बघा. चाक घासत असेल तर वळणावर तेच चाक अडकेल.

आता ज्यासाठी हा सगळा विषय काढला ते सांगते. हल्ली पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून काय करतात? मागचं मडगार्ड कापतात, साडीगार्ड काढून टाकतात आणि मागचं धरायचं हँडलही काढतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला १२३ वा नियम आपल्यासाठीच आहे. ज्या मोटारसायकलवर मागं माणूस बसतो, तिला तीन गोष्टी हव्यातच: धरायला कायमचं हँडल, पाय ठेवायला जागा, आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण. कशासाठी? मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपला पदर, आपली ओढणी यांची काळजी कायद्यानं केली आहे. ती पोरानं ग्राइंडरनं कापून टाकायची का?

आपण बहुतेक जणी एका बाजूला, डावीकडे पाय सोडून बसतो. बहुतेक गाड्यांची चेनही डाव्याच बाजूला असते. म्हणून डावीकडची जाळी मजबूत हवी आणि चेनवर पूर्ण झाकण हवं. जाळीच्या भोकातून पदराचं टोक आत जाता कामा नये. हे काम गावातल्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात होतं.

पत्र्याच्या कामात जिवाशी गाठ असलेल्या तीन गोष्टी आहेत. त्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत हव्यात.

एक, वापरलेल्या पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करू द्यायचं नाही. टाकी रिकामी दिसते, पण आत पेट्रोलची वाफ असते. भरलेल्या टाकीपेक्षा अशी रिकामी टाकी जास्त धोक्याची. ठिणगी पडली की स्फोट होतो. "पाण्यानं धुतली आहे" यावर विसंबू नका. टाकी फुटकी असेल तर दुसरी घ्या.

दोन, जस्ताचा मुलामा असलेला चकचकीत पत्रा, घरावर घालतो तो, त्याला वेल्डिंग करताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. असं काम बंद खोलीत करू नये.

तीन, वेल्डिंगचा उजेड. लहान पोरं घोळका करून बघत उभी राहतात. त्यांना लगेच काही होत नाही, रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. काम चालू असताना आडोसा लावा, पोरांना लांब ठेवा. करणाऱ्याच्या तोंडावर वेल्डिंगची काच हवीच. साधा काळा गॉगल चालत नाही.

आता दिवे. दिव्याची दोन कामं असतात. आपल्याला रस्ता दिसावा हे एक, आणि दुसऱ्याला आपण दिसावं हे दुसरं. पोरं पहिल्याकडं लक्ष देतात, पण जीव वाचतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यानं. म्हणूनच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप जळत राहतो, दिवसासुद्धा. दिवा बंद करायचं बटणच ठेवलेलं नाही.

रंगांचा नियम साधा आहे. पुढे पांढरा, मागे तांबडा, वळायचे दिवे नारिंगी. पुढं तांबडा दिवा लावला तर समोरच्याला वाटतं गाडी पुढं चालली आहे, आणि खरं तर ती त्याच्या अंगावर येत असते. निळे, लुकलुकणारे दिवे हौसेसाठी नसतात. ब्रेकचा दिवा हाताचा ब्रेक दाबला तरी लागला पाहिजे आणि पायाचा दाबला तरी. शिवाय मागं एक तांबडा रिफ्लेक्टर हवाच. बॅटरी उतरली, वायर तुटली, तरी मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात तो चमकतो. हाच रिफ्लेक्टर बैलगाडीला आणि उसाच्या ट्रॉलीलाही लावा.

वायरिंगबद्दल थोडं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिचा झटका जाणवत नाही, म्हणून लोक ती हलक्यात घेतात. पण वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर ती तापून लाल होते, आणि वरच पेट्रोलची टाकी असते. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, मूळ गाडीत जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच. फ्यूज उडाला की चांदीचा कागद गुंडाळायचा, ही सवय घरं जाळते. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर करंट खातो. त्यात आणखी दोन मोठे दिवे जोडले तर जुनी बारीक वायर ते सोसत नाही. जाड वायर घालावी लागते आणि मध्ये रिले लागतो. रिले म्हणजे हँडलवरच्या छोट्या बटणानं मोठा करंट सोडणारा खटका.

वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी बूश घाला. हँडलपाशी वायर थोडी सैल सोडा, आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, कुठं ताणते का. बर्था बेंझ यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये या जर्मन बाईनं नवऱ्यानं बांधलेली तीनचाकी मोटार दोन मुलांना घेऊन शंभरावर किलोमीटर चालवली. मोटारीचा तेवढा लांबचा प्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. वाटेत वायर घासून उघडी पडली, तेव्हा त्यांनी आपल्या मोज्याचा पट्टा काढून वायरला गुंडाळला. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली.

पुढच्या दिव्याची दिशा तपासायला मेकॅनिक लागत नाही. संध्याकाळी सपाट जागेत, भिंतीपासून ५ मीटर म्हणजे साधारण १६ फुटांवर गाडी उभी करा. चालवणारा गाडीवर बसू दे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनं तेवढ्याच उंचीवर रेघ मारा. डिपर खाली ठेवला की उजेडाचा झळझळीत भाग त्या रेघेच्या चार बोटं खाली पडला पाहिजे. वर पडला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि आंधळा झालेला ड्रायव्हर आपल्याच अंगावर येतो.

आता कायद्याचं. कंपनीच्या प्रत्येक नव्या मॉडेलची मान्यताप्राप्त संस्थेत तपासणी होते. पुण्याची एआरएआय त्यातलीच एक. घरी बांधलेल्या गाडीला तसा दाखला नसतो, म्हणून तिची नोंदणी होत नाही. कागद नाही म्हणजे विमा नाही. अपघात झाला तर भरपाई घरावर, शेतावर येते. कंपनीच्या गाडीत परवानगी नसलेला बदल केला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग पोरांनी हात बांधून बसायचं का? नाही. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकांचा सांगाडा जोडला, आणि त्यावर कोळपणी, पेरणीची अवजारं बसवली. दुष्काळात बैल सांभाळणं अवघड झालं होतं, त्यातून ही 'बुलेट सांती' जन्माला आली. ती शेतात राबते. दुसरी वाट अपंगांच्या गाडीची. अपंग माणसाला वापरता यावी म्हणून गाडीत बदल करायची सोय कायद्यात आहे. त्यासाठी आधी आरटीओ कार्यालयात जाऊन परवानगीची पद्धत विचारा आणि मगच वेल्डिंगला हात घाला. तिसरी वाट म्हणजे जुन्या गाड्यांचे तुटके मडगार्ड, साडीगार्ड, दिवे पुन्हा मूळ होते तसे करून देणं. हे काम गावोगाव आहे.

आणि ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे. रस्त्याकडेच्या घिसाडी कुटुंबात पुरुष सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो आणि बाई घण घालते, हे आपण लहानपणापासून बघत आलो. लोखंड बाईला परकं नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, तिथं मुलींनाही प्रवेश मिळतो. बेत काढणं, वायर सोलून जोडणं, जाळी विणून बसवणं, ही हाताच्या सफाईची कामं आहेत.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. गाडीच्या कामासाठी गटातून कर्ज मागितलं, तर आधी पाच प्रश्न विचारा. गाडी रस्त्यावर चालवायची की शेतात? कागद आहेत का? मागं हँडल, पायदान आणि साडीगार्ड आहे का? दोन्ही ब्रेकनं मागचा दिवा लागतो का? फ्यूज आणि रिफ्लेक्टर आहे का? उत्तरं नीट मिळाली तर पैसे द्या आणि पोराच्या पाठीवर शाबासकीही द्या. नाही मिळाली तर पैसे थांबवा, आणि त्या गाडीवर बसूही नका. मागची जागा आपली आहे, तर ती कशी असावी हे आपणच सांगायचं.

आज संध्याकाळी घरात जी गाडी असेल तिच्यामागं उभ्या राहा, ब्रेक दाबायला सांगा, दिवा लागतो का बघा. सुरुवात तिथून करा.