२७ अंशांच्या हौदाबाहेर



बांधकाम साहित्य, पर्यावरण, शिक्षण आणि व्यवस्थापन असे चार विषय या परिषदेने एका मांडवाखाली आणले आहेत. ते एकत्र का असावेत, एवढ्याच प्रश्नावर मला आज बोलायचे आहे.

आपल्या प्रत्येक महाविद्यालयात रोज घडणाऱ्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो. १५० मिलिमीटर बाजूच्या साच्यात काँक्रीट भरले जाते. दुसऱ्या दिवशी तो क्यूब साच्यातून निघतो आणि पाण्याच्या हौदात जातो. हौदाचे तापमान २७ अंशांच्या आसपास राखलेले असते. अठ्ठाविसाव्या दिवशी तो यंत्राखाली फोडतात, आकडा येतो आणि त्या आकड्यावर निबंध लिहिला जातो. आता त्याच मिश्रणाचे काँक्रीट परळीतल्या एखाद्या घराच्या कॉलममध्ये मे महिन्यात पडले, असे समजा. पारा चाळिशीच्या वर आहे आणि पाणी टँकरने येते आहे. कॉलमला गोणपाट गुंडाळले आहे, पण ते दुपारपर्यंत कोरडे पडते. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटसाठी निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटसाठी निदान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवायला सांगते. उष्ण, कोरड्या हवेत निदान दहा दिवस सांगते, आणि राखमिश्रित सिमेंटसाठी चौदा दिवसांची शिफारस करते. क्यूबला अठ्ठावीस दिवस पाणी मिळाले. कॉलमला तीन दिवस मिळाले तरी मिस्त्री समाधानी असतो. आपला निबंध क्यूबविषयी असतो, माणसे मात्र कॉलमच्या आधाराने राहतात.

ज्याला आपण उपयोजित संशोधन म्हणतो ते बहुतेक वेळा त्या हौदाच्या काठावर थांबते. पुढचे सगळे, म्हणजे साहित्य दरसूचीत येणे, निविदेत उतरणे, गवंड्याच्या हाताला सवयीचे होणे आणि दहा-वीस वर्षांनी ते कसे टिकले हे पाहणे, आपण 'अंमलबजावणी' म्हणून दुसऱ्यांच्या खात्यात टाकतो. माझे म्हणणे असे की हा पुढचा भाग संशोधनाचाच उत्तरार्ध आहे, आणि तो झाल्याशिवाय पूर्वार्धाचे निष्कर्षही अपुरे राहतात.

पुरावा म्हणून औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे उदाहरण घेतो, कारण तिचा इतिहास लांब आहे आणि आपल्या दाराशी घडलेला आहे. काँक्रीटमध्ये ही राख चालते, हे १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. १९५३ मध्ये पूर्ण झालेल्या अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतीय मानक ३८१२ हे १९६६ चे. तरीही आपल्याकडे ही राख पुढची कित्येक वर्षे तलावांत साठत राहिली. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. तेव्हा कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, एकलहरे, परळी या केंद्रांभोवती काय साठले असेल याची कल्पना करता येते. १९९४ मध्ये केंद्र सरकारने राखेसाठी खास मोहीम सुरू केली. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे ही अंतरे वाढली, नियम कडक झाले. सिमेंट कंपन्यांनाही राख मिसळणे परवडते हे दिसले आणि आज देशातल्या सिमेंटमध्ये सर्वांत मोठा वाटा राखमिश्रित पीपीसीचा आहे. सह्याद्रीतल्या घाटघरच्या उदंचन प्रकल्पात, या शतकाच्या पहिल्या दशकात, रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे धरण उभे राहिले. त्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राख जास्त होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. राख वापरात आली ती अधिसूचनेमुळे आणि कंपन्यांच्या नफ्यामुळे. संशोधकांनी साइटवर धावपळ केली असती तरी काय फरक पडला असता? अर्धी गोष्ट मला मान्य आहे. सक्ती आणि नफा नसता तर राख अजूनही तलावातच असती. पण सक्ती आणि नफा यांच्या हातून काय सुटून गेले, तेही पाहू या. गोणीवरचे नाव बदलले, आतला माल बदलला. पाणी मारण्याची सवय मात्र जुन्या सिमेंटचीच राहिली. राखेची रासायनिक क्रिया संथ असते, तिला ओल जास्त दिवस लागते, हे पाठ्यपुस्तकात आहे. गवंड्याला ते कोणी सांगितले? अधिसूचनेत ते येणार नव्हते, कारण अधिसूचनेचा विषय राखेची विल्हेवाट हा होता. कंपनीच्या दृष्टीने गोणी विकली गेली की काम संपले. हे सांगण्याचे काम ज्यांना ठाऊक होते त्यांचे, म्हणजे आपले होते. शिवाय सांगून भागणार नव्हते. दुष्काळात पाण्याअभावी २०१३ मध्ये परळीचे वीज केंद्रच बंद ठेवावे लागले. ज्या गावात केंद्राला पाणी पुरत नाही, तिथल्या गवंड्याला दहा दिवस पाणी मार म्हणणे हा उपदेश झाला. कमी पाण्यात काँक्रीट ओले कसे ठेवायचे, प्लास्टिकचे आच्छादन किती उपयोगी, ओल धरणारा लेप लहान घराला परवडतो का, हे खरे प्रश्न होते. ते हौदाजवळ उभे राहून सुचत नाहीत.

असे प्रश्न बाजूला राहिले की काय होते, हे काँक्रीटच्या पोटात दिसते. काँक्रीट क्षारधर्मी असते, म्हणून आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ही क्षारता संपवतो. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन फवारले की जिथे क्षारता शाबूत आहे तिथे गडद गुलाबी रंग उमटतो. जिथे ती गेली तिथे काँक्रीट राखाडीच राहते. बाहेरच्या कडेपासून हा बिनरंगी पट्टा किती आत गेला, ते पट्टीने मोजायचे. स्लॅबच्या सळईवर जेमतेम २० मिलिमीटरचे आवरण असते, कॉलमच्या ४०. पट्टा सळईपर्यंत पोचला आणि त्यात ओल आली की गंज सुरू होतो. राखमिश्रित काँक्रीटला पुरेसे पाणी मिळाले नाही तर हा पट्टा लवकर आत सरकतो. याउलट समुद्रकाठी, जिथे शत्रू कार्बन डायऑक्साइड नसून मीठ आहे, तिथे नीट ओले ठेवलेले राखमिश्रित काँक्रीट साध्या सिमेंटपेक्षा सरस ठरते. म्हणजे एकाच गोणीतल्या सिमेंटचा निकाल रत्नागिरीत किंवा पणजीत एक येऊ शकतो आणि सोलापुरात दुसरा. 'राखमिश्रित काँक्रीट टिकाऊ आहे का' हा प्रश्नच तसा अपुरा आहे. कुठे, कोणी भरलेले आणि किती दिवस ओले राहिलेले, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. उत्तरार्ध वगळला तर पूर्वार्धही अपुरा राहतो, असे मी म्हणालो ते याच अर्थाने.

हे आज सांगण्याची निकड आहे, कारण तसाच दुसरा क्षण समोर आला आहे. शुद्ध चुनखडी भाजली की १०० किलोंमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इंधन बदलून तो टळत नाही. म्हणून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मुख्य घटक, कमी करणे हाच मोठा मार्ग उरतो. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी एकत्र वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणारे एलसी-३ सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून विकसित केले. आपल्या आयआयटींचा त्यात मोठा वाटा आहे. क्लिंकरला १४५० अंश लागतात, चिकणमातीला ७०० ते ८५० पुरतात. २०२३ मध्ये त्याचे भारतीय मानक, क्रमांक १८१८९, आले. भाजलेली माती चुन्यात मिसळणे आपल्याला नवे नाही, सुरखी तीच होती. पण सुरखीसाठी वीट कुटणाऱ्या कारागिराला आपल्या गावची माती ठाऊक होती. एलसी-३ ला केओलिन असलेली चिकणमाती हवी. ती सिंधुदुर्गात आहे. मराठवाड्यातल्या काळ्या, फुगणाऱ्या मातीला भाजून तसा गुण येत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९७० च्या दशकापासून सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटांवर फार चांगले काम केले, पण ते वाळूचा अंश असलेल्या तांबड्या मातीला साजेसे आहे. काळ्या मातीत ती कृती जशीच्या तशी लावली की भिंतींना तडे जातात. कोणत्या तालुक्यात कोणते साहित्य चालेल, हे शोधण्याला आपण दुय्यम संशोधन समजतो. मला ते मुख्य वाटते.

या सगळ्यात सर्वांत जड पुरावा किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भिंती जाड होत्या, पण दगडांचे आतले आणि बाहेरचे पाखे वेगवेगळे उभे होते. मधे मातीची भर आणि दोन्ही पाख्यांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची माती, वर्षागणिक थर वाढत गेलेली. अनेक घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती कोसळल्या. आरपार दगड ठेवा, भिंतींना पट्टा बांधा, हे ज्ञान तेव्हा नव्हते असे नाही. भूकंपरोधक बांधकामाचे मानक १९६७ पासून होते, आणि दगडमातीच्या व मातीच्या घरांसाठीची दोन खास मानके त्याच १९९३ साली निघाली. हे खरे की किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या भूकंप-पट्ट्यात गणली जात होती, त्यामुळे तिथे ते ज्ञान पोचवण्याची कायदेशीर गरज कोणाला वाटली नसेल. पण आरपार दगडाला खर्च जवळजवळ नाही. तो ठेवायचा की नाही, हे गवंड्याच्या हातात असते. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गवंड्यांना हे शिकवले गेले. म्हणजे शिकवता येत होते.

आता आपल्या बाजूच्या अडचणी. तरुण प्राध्यापक विचारतील की दहा वर्षे इमारत पाहत बसलो तर पदोन्नतीचे काय? प्रश्न रास्त आहे. २०१० च्या यूजीसी नियमांनी एपीआयचे गुण आणले, मग मान्य नियतकालिकांची केअर यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद झाली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली. मोजपट्ट्या बदलत राहिल्या, मोजला गेला तो निबंधच. एका माणसाच्या पीएच.डी.त वीस वर्षे बसत नाहीत, पण विभागाच्या आयुष्यात बसतात. विभागाने इमारत नोंदीला घ्यावी, एका विद्यार्थ्याने मोजावे, पाच वर्षांनी दुसऱ्याने. आणि जे फसले तेही छापावे; तडा गेलेल्या भिंतीवरच्या निबंधाला आज आपल्याकडे जागा नाही, हे मला सर्वांत जास्त खुपते.

दुसरी अडचण सरकारी कामाची. नवे साहित्य कनिष्ठ अभियंता वापरत नाही, म्हणून आपण त्याला दोष देतो. त्याच्या जागी उभे राहून पाहा. बाब दरसूचीत नाही, म्हणजे दर-विश्लेषण आले, वरिष्ठांची मंजुरी आली, पुढे लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. आणि स्लॅब गळला तर जबाबदारी त्याच्या एकट्याची. तो सावध राहतो यात गैर काय? हा व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यासविषय आहे आणि त्या विभागांनी तो जवळजवळ सोडून दिला आहे. दरसूचीत नवी बाब कशी शिरते, प्रायोगिक कामाची जोखीम कोणी घ्यावी, सर्वांत कमी दराच्या निविदेत टिकाऊपणाला किंमत कशी द्यावी, यावर मराठीत वाचण्यासारखे फारसे नाही. मार्ग असतात. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी, राजगोपालन वासुदेवन यांनी, टाकाऊ प्लास्टिक मिसळलेल्या डांबराचा रस्ता २००२ मध्ये आधी आपल्याच आवारात केला. २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने त्याची मार्गदर्शक तत्त्वे छापली. अकरा वर्षे लागली, पण मधे आवारातला रस्ता वापरात होता आणि तो कोणालाही दाखवता येत होता.

हे विद्यापीठांचे काम नव्हे, उद्योगाचे आहे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच: आपले साहित्य कुठे चालत नाही, हे शोधण्यात ते विकणाऱ्याला रस नसतो. ते शोधणारी तिसरी संस्था समाजाने नेमलेली आहे आणि तिचा पगार समाज देतो.

म्हणून या परिषदेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या किती तरी इमारती पीपीसी सर्वत्र आल्यानंतरच्या, म्हणजे पंधरा-वीस वर्षे जुन्या आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपलीच एक इमारत घ्यावी. उन्हाच्या बाजूचे, सावलीतले आणि स्वच्छतागृहाजवळचे असे कॉलम निवडावेत, लहान छिद्र पाडून फिनॉल्फथॅलिन फवारावे आणि बिनरंगी पट्टा मोजावा. सळईवर प्रत्यक्ष किती आवरण आहे, तेही मोजावे. सिमेंट कोणते होते आणि पाणी किती दिवस मारले, हे जुन्या कागदांतून आणि त्या वेळच्या कंत्राटदाराला व मिस्त्रीला विचारून नोंदवावे. मिस्त्रीचे नाव निबंधात सहलेखक म्हणून घालायला माझी हरकत नाही. साहित्याच्या विभागाने मोजमाप करावे, व्यवस्थापनाच्या विभागाने त्या कामाची निविदा आणि मोजमाप-पुस्तिका वाचावी, शिक्षणाच्या विभागाने यातून प्रथम वर्षाचे प्रात्यक्षिक तयार करावे. छिद्रे त्याच दिवशी दुरुस्तीच्या मसाल्याने बुजवावीत. सर्वांनी एकच तक्ता वापरावा, म्हणजे कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ यांचे आकडे शेजारी ठेवता येतील. तक्त्याचा मसुदा करण्यासाठी आजच्या दुपारच्या सत्रानंतर एक तास ठेवावा, अशी संयोजकांना माझी विनंती आहे.