वेव्ह हिलचा संप आणि जमिनीचा दावा



‘मूळनिवासी आणि त्यांचे जमिनीचे हक्क’ हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिला, तेव्हा मी जरा बिचकलोच. मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या फायलींवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांवर. म्हणून मी मला कळणारी वाट धरतो आणि एका संपाची हकीकत सांगतो. ती आहे ऑस्ट्रेलियातली.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात वेव्ह हिल नावाचे गुरांचे एक अवाढव्य कुरण आहे. व्हेस्टी या इंग्रज घराण्याच्या कंपनीकडे ते सरकारी भाडेपट्ट्याने होते. तिथे गुरे वळणारे आणि साहेबाच्या घरी राबणारे लोक गुरिंजी जमातीचे. म्हणजे ज्यांची भूमी, तेच तिच्यावर चाकर! पीठ, साखर, चहा असा शिधा, वर किरकोळ पैसे आणि राहायला खोपटी. १९६५ साली तिथल्या युनियनने लवादापुढे मागणी केली की, मूळनिवासी गुराख्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने पगार मिळावा. मार्च १९६६ मध्ये निकाल लागला. मागणी मान्य, अंमल मात्र डिसेंबर १९६८ पासून! लवादाच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत त्यांना हा न्याय काही परका वाटणार नाही.

२३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी या गुराख्याच्या मागोमाग सुमारे २०० माणसे, बायकामुले घेऊन, काम टाकून चालती झाली. स्वतः मूळनिवासी असलेला डेक्स्टर डॅनियल्स हा युनियनचा संघटक त्यांच्या पाठीशी उभा राहिला. गोदी कामगारांनी पैसा उभा केला. इथपर्यंत सारे आपल्या ओळखीचे आहे. पण ही माणसे कामावर परतेनात. १९६७ च्या आरंभी त्यांनी वॉटी क्रीक या ओढ्याकाठी, त्यांच्या भाषेत डागुरागु इथे, मुक्काम टाकला. एप्रिलमध्ये गव्हर्नर जनरलकडे अर्ज गेला. तो लिहायला फ्रँक हार्डी या लेखकाने हात लावला होता. अर्जात मागणे होते सुमारे १३०० चौरस किलोमीटर जमिनीचे. जूनमध्ये नकार आला.

संप दिसायला पगाराचा, पण त्याच्या पोटात जमीन होती. पगाराचा तंटा कितीही चिघळला तरी शेवटी एका आकड्यावर आणि एका तारखेवर येतो. आपण दहा मागावे, मालकाने चार म्हणावे आणि सातावर सह्या व्हाव्यात, हे आमचे रोजचेच. जमिनीच्या दाव्यात आकड्याची पाळी येण्याआधीच गाडी अडते. ही जमीन तुझी, हे तू सिद्ध कर!

कंत्राटी सफाई कामगाराची केस लढवताना हेच सोसावे लागते. दहा वर्षे झाडू मारला, आणि विचारतात काय, तर तू इथे कामाला होतास याचा कागद आण. हजेरीपट कंत्राटदाराच्या कपाटात! गुरिंजींच्या बाबतीत तर ते कपाट इंग्लंडच्या राजाचे. गोरे आले तेव्हा या भूमीला कायद्याने मान्य व्हावी अशी मालकीच नव्हती, असे त्या देशाचे कायदेपंडित धरून चालले होते. १९७१ साली खाणीविरुद्ध लढणाऱ्या योल्ङू लोकांच्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी कबूल केले की, या लोकांना स्वतःचा नीट बांधलेला कायदा आहे. तरीही दावा फेटाळला. कारण हे लोक जमिनीचे आहेत, जमीन त्यांची आहे असे म्हणता येत नाही! जे नाते मालकीहून जवळचे, तेच मालकीच्या आड आले.

१६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारीच्या ओंजळीत माती ओतली. ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. छायाचित्रात माती दिसते, कागद दिसत नाही. कागद होता सुमारे ३२०० चौरस किलोमीटरच्या भाडेपट्ट्याचा, मालकीचा नव्हे. तीन महिन्यांत व्हिटलम बडतर्फ झाले. जमीन हक्काचा कायदा झाला डिसेंबर १९७६ मध्ये, त्यांच्या विरोधकांच्या राजवटीत. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दावा ऐकणारा आयुक्त रानात जाऊ लागला. हा झरा कोणत्या पूर्वजाचा, हा खडक कोणत्या कुळाने सांभाळायचा, हे म्हाताऱ्यांनी जागेवर उभे राहून सांगायचे आणि ती साक्ष म्हणून लिहून घ्यायची. आपल्याकडच्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांतही वडीलधाऱ्यांची जबानी पुरावा म्हणून धरली आहे. कचेरीत तिला किती मान मिळतो, हे ठाण्या-नंदुरबारकडचे दावेदार माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यालाही कुंपण होते. कुणाला न दिलेली सरकारी जमीन किंवा मूळनिवाशांकडे आधीच असलेली जमीन, एवढ्यावरच दावा सांगता येई. गुरिंजींकडे १९७५ चा पट्टा होता, म्हणून त्यांचे निभावले. १९८६ मध्ये, संपानंतर २० वर्षांनी, त्यांना विकता न येणारी सामुदायिक मालकी मिळाली. लिंगियारी १९८८ मध्ये वारला.

बाकी कुरण पट्टेदारांकडेच राहिले. १९९२ साली मेर बेटाच्या एडी माबोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘मालक नसलेल्या भूमी’चे ते जुने तत्त्व मोडीत काढले, तेव्हा कुठे त्याचीही वाट मोकळी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये वेव्ह हिलच्या सुमारे ५००० चौरस किलोमीटरवर गुरिंजी आणि त्यांच्या सोबतच्या कुळांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. त्यांनी तिथे हिंडावे, शिकार करावी, आपले विधी करावेत. गुरांचा पट्टा मात्र कायम आहे, आणि दोन हक्कांची टक्कर झाली तर पट्ट्याचे चालायचे. हा निकाल ऐकायला १९६६ साली चालत निघालेल्यांपैकी फार थोडे उरले होते.