दंड भरला, पुढे काय?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला येताना एस.टी.त शेजारच्या बाईने विचारलं, "ताई, आज कशावर बोलणार?" म्हटलं, कंपन्यांच्या मक्तेदारीवर. ती म्हणाली, "मग आमच्या कांद्यावर बोला की! व्यापारी दहा, भाव एकच." तिचं खरंच आहे. पण आज मी बोलणार आहे ती आपल्या हातातल्या फोनबद्दल.

पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, हप्त्याची आठवण, शाळेचा निरोप, सगळं आपल्याकडे व्हॉट्सॲपवर येतं. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. फेसबुकचंच नाव पुढे मेटा झालं. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपची नवी अट आली : तुमची माहिती आमच्या इतर कंपन्यांना देऊ, हे मान्य करा. निरोपातला मजकूर आम्ही वाचत नाही, असं कंपनी सांगते. पण तुमचा नंबर, फोन कोणता, वापर कधी आणि किती, ही माहिती असतेच. मीही 'मान्य' दाबलं. नाहीतर गिऱ्हाइकं कुठे शोधणार? "कोणाशी बोलत होतीस?" हा प्रश्न घरात रोज ऐकणाऱ्या बाईला अशा माहितीचं मोल मी काय सांगायचं!

भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड झाला आणि जाहिरातींसाठी ही माहिती देण्यावर पाच वर्षं बंदी आली. कंपनी अपिलात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र उठवली. माहिती द्यायची की नाही हे वापरणाऱ्याने ठरवावं, हा भाग शिल्लक राहिला.

दंड सरकारी तिजोरीत जातो. काट्यात मारलेलं उसाचं वजन दंडाने शेतकऱ्याला परत मिळत नाही, तसंच हे.

बरं, निवडीची मुभा तरी पुरते का? युरोपात मायक्रोसॉफ्टने कबूल केलं होतं की संगणकावर इंटरनेट पाहण्यासाठी कोणता ब्राउझर वापरायचा हे लोकांना निवडू देऊ. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात सुमारे दीड कोटी लोकांना तो पडदा दिसलाच नाही! आदेश पाळतो आहोत, हा अहवाल कंपनीच देत होती. पुढे २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरो दंड झाला, पण मधला काळ गेला तो गेलाच. दारूबंदीचा ठराव झाल्यावर गुत्त्यावर नजर आपल्यालाच ठेवावी लागते, हे इथे बसलेल्यांना चांगलं ठाऊक आहे.

मला विचाराल तर खरा उपाय आपण एकदा वापरलेला आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर फोनचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा आणि नंबर सोडायचा म्हणजे माणसं तुटायची. माहेरी परत आलेल्या बाईला विचारा, बँकेत आणि शाळेत दिलेला नंबर बदलणं काय असतं! नंबर आपल्याबरोबर येऊ लागला तशी कंपनीची पकड सैल झाली.

तसंच निरोपांचं का होऊ नये? मी दुसरं ॲप घेतलं तरी व्हॉट्सॲपवरच्या गिऱ्हाइकाला माझा निरोप पोचला पाहिजे. दुसऱ्या ॲपने मागणी केली तर व्हॉट्सॲपने दार उघडावं, असा कायदा युरोपने केला आहे. काही जण म्हणतात, कंपन्यांचे तुकडेच करा. करा बापडे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशाने गूगलला क्रोम विकायला लावलं नाही. अशा खटल्यांत वर्षं जातात. आपला गट तोवर थांबून राहील का?

आणि एक अट आपल्या बाजूची. दार उघडताना कडीही चालली पाहिजे. मी इथे ज्याला अडवलं, तो दुसऱ्या ॲपवरून माझ्यापर्यंत पोचता कामा नये. बायकांच्या अनुभवाशिवाय हे कलम कोणाला सुचणार नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला आणि हरकती मागवल्या. तेव्हा आपण काहीच लिहून पाठवलं नाही, ही चूक माझीही. आता प्रत्येक गटाने एक पान लिहायचं : फोन कशासाठी लागतो, ॲप सोडलं तर काय तुटतं. पुढच्या बैठकीला घेऊन या.

आणि हो, गिऱ्हाइकांचे नंबर आजच वहीत उतरवून ठेवा.