खाऱ्या हवेतील बोल्टांची निवड

तारकर्लीसारख्या गावी, जेथे एका अंगास कर्ली नदी व दुसऱ्या अंगास समुद्र असून उघड्या लोखंडावर गंज चढण्यास फारसा अवधी लागत नाही, तेथे जुनी स्पोर्ट्स मोटार पूर्ववत उभी करण्याचा संकल्प जो करील, त्याने रंगाचा व चामड्याचा विचार करण्यापूर्वी बोल्टांचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उदाहरणादाखल १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात तयार झालेली एम.जी. टी.सी. ही गाडी घ्या. तिच्या सांगाड्याचे बोल्ट ब्रिटिश बारीक आट्यांचे, इंचांच्या मापाचे. परंतु इंजिनाचे आटे मिलिमीटरचे, आणि त्या बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ या इंग्रजी मापाच्या पान्याला बसणारी! याचे मूळ इतिहासात आहे. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना १९२३ साली, एम.जी.ला पुढे इंजिने पुरविणाऱ्या मॉरिस या इंग्रज मोटारउत्पादकाने घेतला, तेव्हा तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. ती मोडीत काढण्याऐवजी तशीच चालविण्यात आली आणि इंग्रज कारागिरांच्या पान्यांची सोय म्हणून डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची ठेवण्यात आली. परिणामी इंजिनातील ८ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे १ मिलिमीटर अंतराचे असतात, तर आपले मेस्त्री ज्यास अडीच सुताचा म्हणतात त्या ५/१६ इंची ब्रिटिश बारीक बोल्टावर इंचात २२ आटे, म्हणजे सुमारे १.१५ मिलिमीटरचे अंतर. जाडी जवळजवळ सारखीच असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा पहिले एकदोन फेरे निमूटपणे जातो, आणि मग पान्याचा जोर लावताच भोकातील आटे कायमचे जातात. म्हणून आट्यांचा गेज लावल्यावाचून कोणताही बोल्ट हाती धरू नये.

आता किनाऱ्यावरच्या खास मोहाविषयी. गंजाला कंटाळलेला मनुष्य होड्यांना वापरतात ते स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट आणतो आणि सर्वत्र तेच बसवितो. हे मला साफ नामंजूर आहे. बोल्ट हा दोन भागांना ताणाने आवळून धरतो. त्या आवळण्यातून उत्पन्न होणारे घर्षणच भार पेलते, आणि ताण सुटला की बोल्ट कितीही निष्कलंक असला तरी सांधा हलू लागतो. डोक्यावर ८.८ हा आकडा असलेला पोलादी बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६४० न्यूटन ताणापर्यंत कायमचा लांबत नाही. ए२-७० या नेहमीच्या स्टेनलेस बोल्टाची तीच मर्यादा ४५० आहे. शिवाय स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचाच नट चढविला तर तो अनेकदा मध्येच जखडतो. तेव्हा सुकाणू, ब्रेक आणि चाकांच्या जोडण्या येथे खुणेचा पोलादी बोल्टच घ्यावा. डोके कोरे असेल तर त्याच्या ताकदीचा दाखला नाही असे समजून तो परत करावा. नंबराची पाटी, बॉनेटचे पट्टे, लाकडी चौकटीवरील पत्रा अशा हलक्या जागी स्टेनलेस अवश्य वापरावे, आणि तेही मॉलिब्डेनमयुक्त ३१६ जातीचे, कारण ते समुद्राच्या क्षारास अधिक चांगले तोंड देते.

पोलादी बोल्टास जस्ताचा मुलामा देता येतो, परंतु १२.९ सारख्या अतिकठीण बोल्टावर तो विजेच्या पद्धतीने चढविला तर धातूत हायड्रोजन शिरून बोल्ट ऐन ताणाखाली अकस्मात तुटण्याचा संभव असतो. मुलाम्यानंतर लगेच भट्टीत तासन्‌तास तापविण्याची तजवीज ज्या कारखान्यात नसेल, तेथे असे बोल्ट देऊच नयेत. बाकीच्यांवर मेण किंवा ग्रीस लावावे, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने फेरी झाल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी.

जुन्या बोल्टांचे काय, असे पुष्कळजण विचारतात. ज्यांच्या डोक्यावर मूळ उत्पादकाची खूण शाबूत आहे आणि ज्यांची दांडी व्हर्नियरने मोजली असता कोठेही बारीक झालेली नाही, ते स्वच्छ करून दिसणाऱ्या व हलक्या जागी सन्मानाने परत बसवावेत. सुकाणूच्या दांड्यांवरील मात्र निःसंकोच बदलावेत, आणि त्यांच्या खाचेच्या नटांत दर खेपेस नवी स्प्लिट पिन घालावी.