बाळोत्यावरील डाग : आधी वाचावा, मग धुवावा



छत्रपती संभाजीनगर हा जिल्हा वस्त्रांसाठी नावाजलेला आहे. शहरातील हिमरूची आणि पैठणच्या पैठणीची कीर्ती दूरवर पोहोचली आहे. तथापि येथील माणसाच्या अंगाला पहिल्याने लागते ते हिमरू नव्हे आणि पैठणीही नव्हे. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचा किंवा आजोबांच्या विरलेल्या धोतराचा तुकडा, म्हणजेच बाळोते, हे त्याचे पहिले वस्त्र होय. या साध्या वस्त्राच्या धुण्याचा विचार सार्वजनिक व्यासपीठावरून क्वचितच होतो. तो व्हावयास हवा, कारण त्यात बालकाचे आरोग्य, मातेचे श्रम आणि गावाचे पाणी या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

शहराची तहान भागते ती पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयातून, सुमारे ५० किलोमीटर अंतरावरून. अनेक वस्त्यांतील नळांना वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले आहे. ग्रामीण भागात पुष्कळ ठिकाणी विंधन विहिरीवर भागवावे लागते आणि ते पाणी बहुधा जड असते. अशा घरात दिवसाकाठी दहा-पंधरा बाळोती धुवावयाची असतात. त्यांवर पिवळा डाग राहिला की नवी आई निष्काळजी ठरते. मग डाग कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती बाळोती घरातच, दाराआड वाळत घालते. वस्तुतः डाग घालविणारी सर्वांत स्वस्त वस्तू दाराबाहेरच असते. ती म्हणजे ऊन.

डाग काय सांगतो?

परंतु डाग घालविण्यापूर्वी तो पाहिला पाहिजे. बोलता न येणाऱ्या बालकाच्या प्रकृतीचा तो एक प्रकारे दैनिक अहवालच असतो.

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस बालकाची शी हिरवट काळी व डांबरासारखी चिकट असते. पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी व्हावयास हवी. तसे न झाल्यास बाळाला दूध पुरेसे मिळते किंवा नाही, हे तपासून घ्यावे. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीमुळे विटेच्या भुकटीसारखा तांबूस डाग पडू शकतो. पुढेही तो दिसत राहिला तर दूध कमी पडत असण्याचा संभव असतो. शीमध्ये रक्त दिसल्यास दवाखाना गाठावा.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र गडद डागाची नसून फिक्या डागाची आहे. शी पांढुरकी किंवा राखेच्या रंगाची होत असेल आणि लघवीने बाळोते गडद पिवळे होत असेल, तर यकृतातून पित्त वाहून नेणारा मार्ग बंद असण्याची शक्यता असते. या विकारावर शस्त्रक्रिया करता येते. परंतु ती बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाल्यास यशाची आशा अधिक असते. तैवान देशाने २००४ सालापासून बालकांच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांची पट्टिका समाविष्ट केली, ती याचकरिता. फिके बाळोते धुण्यास सोपे असते, म्हणूनच घरातील कोणाला त्याची चिंता वाटत नाही. धोका नेमका येथे आहे.

धुण्याची रीत

बाळोते भरल्यावर शी शौचालयात टाकावी. तान्ह्या बाळाच्या शीला घाण मानू नये, अशी समजूत आढळते. परंतु तिच्यातूनही रोगजंतू पसरतात. त्यानंतर बाळोते लगेच गार पाण्यात खळबळावे. आरंभीच कढत पाणी ओतल्यास शीतील प्रथिने उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. ओल्या डागावर साबण चोळून बाळोते थोडा वेळ तसेच ठेवावे. पाणी जड असल्यास साबणाचा फेस होत नाही. त्याचा साका कापडावर बसून कापड करडे व खरखरीत होते. अशा वेळी भिजविण्याच्या पाण्यात धुण्याचा सोडा थोडा टाकावा. शेवटी साबण व सोडा पूर्ण निघेपर्यंत बाळोते स्वच्छ पाण्यात पिळावे. घरात जुलाबाची साथ असेल तर डाग काढल्यानंतर बाळोती उकळून घ्यावीत. पाण्याची टंचाई असेल तेथे शेवटचे खळबळलेले पाणी पुढच्या खेपेस भिजविण्यासाठी वापरावे.

यानंतर उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवावा. बाळोते ओलसर असतानाच डागाची बाजू वर करून पसरावे. डाग हट्टी असल्यास त्यावर लिंबू पिळावे आणि वाळल्यावर साध्या पाण्यातून पुन्हा काढावे. तिन्हीसांजेच्या आत बाळाचे कपडे घरात घ्यावेत, ही जुनी रीतही दवाच्या दृष्टीने सोयीचीच आहे.

उन्हाने डाग का जातो, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळा रंग बिलिरुबिन या पित्तातील रंगद्रव्याचा असतो. नवजात बालकाला कावीळ होते, तीही याच द्रव्यामुळे. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात एका परिचारिकेच्या असे लक्षात आले की, उन्हात नेलेल्या बालकाच्या अंगाचा उघडा भाग कमी पिवळा दिसतो. तेथेच खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातही हे द्रव्य घटलेले आढळले. या निरीक्षणांतून प्रकाशोपचार जन्मास आला आणि १९५८ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळोत्यावर ऊन जे करते, त्याच्याशी मिळतेजुळते निळ्या प्रकाशाखाली बालकाच्या त्वचेत घडते. मात्र कावीळ झालेल्या बालकाला केवळ कोवळ्या उन्हात ठेवून स्वस्थ बसू नये. बाळोत्याला ऊन पुरते. बालकाला डॉक्टरच हवा.

काय टाळावे?

पाणी निर्जंतुक करण्याची टीसीएल पावडर बाळोत्यांसाठी वापरू नये. तिने सूत कुजते, अंश राहिल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि लघवीतील अमोनियाशी संयोग होऊन अपायकारक वाफा निघतात. दुसरे पथ्य डांबरगोळ्यांचे. ट्रंकेतील जुनी लुगडी काढून बाळोती केली जातात. त्यांत डांबरगोळ्यांचा अंश मुरलेला असतो. काही बालकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते. अशा बालकाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतील द्रव्याने फुटतात व तीव्र कावीळ होऊन मेंदूला इजा पोहोचू शकते. गोळ्यांत ठेवलेले कापड म्हणूनच बाळासाठी घेऊ नये.

गावाचा वाटा

नवजात बालकाची काळजी घरी जाऊन घेता येते, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून केलेल्या कार्याने दाखवून दिले. पुढे २०११ साली ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी आशा स्वयंसेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावयाची असते. या प्रत्येक भेटीत न धुतलेले एक बाळोते दाखविण्याचा प्रघात घराघरांत पडावा. साठ दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच या सहाही भेटी होऊन जातात, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

ग्रामपंचायतीने हातपंपापासून दूर, शोषखड्डा असलेला धुण्याचा ओटा बांधून द्यावा आणि त्याशेजारी उन्हात दोरी बांधण्याची सोय करावी. शिक्षकांनी पालकसभेत या विषयावर दहा मिनिटे द्यावीत. सभेला पिते व आजोबाही बोलवावेत, कारण बाळोती धुणे हे एकट्या आईचे काम नव्हे.

धुऊन, उन्हात वाळलेल्या बाळोत्यावर फिकट पिवळी छटा राहिलीच, तर ती अस्वच्छता नव्हे. त्या छटेसाठी कोणत्याही सुनेला बोल लागू नये आणि दाराआड दोरी बांधण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. हे कोणत्याही अनुदानाशिवाय आजपासून साधण्यासारखे आहे.