भिंत जुनी कशी करायची?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि मागून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, तेव्हा मी वेळेत संपवणार हे नक्की! विषय आहे, सिनेमातल्या डिझाइनवर मी मासिक कसं काढलं. खरं म्हणजे ते मासिक नाही, वर्षातून जेमतेम एकदा निघतं. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर जाहिरात केली म्हणून खजिनदार माझ्याकडून पैसे वसूल करतील.

मी व्यवसायाने ग्राफिक डिझायनर. इथे लंडनमध्ये प्रदर्शनांच्या पाट्या, नकाशे, भिंतीवरचा मजकूर अशी कामं करते. सिनेमा बघताना बाकीचे गोष्ट बघतात, मी खुर्च्या बघते. नायिका रडत असते आणि माझं लक्ष तिच्या मागच्या पडद्याच्या कापडाकडे. "अगं, ती मेली!" असं आमच्या ह्यांनी सांगितलं की मग मला कळतं.

तर २०१८ साली डोक्यात आलं की सेट, वेशभूषा, टायटल्सची अक्षरं, पोस्टर या सगळ्यावर एक छोटं नियतकालिक काढावं. वाचक कोण? सेट बांधणारे, नाटकाचे नेपथ्यकार, अ‍ॅनिमेशनवाले, आर्किटेक्चरचे विद्यार्थी. थोडक्यात, स्वतः काहीतरी बनवणारी मंडळी.

पहिला अंक २०१९ साली निघाला. चौसष्ट पानं, सहाशे प्रती. मिळेल ते सगळं त्यात कोंबलं. सॉल बास यांची 'व्हर्टिगो'ची (१९५८) टायटल्स, 'गांधी'च्या (१९८२) वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया, नितीन देसाईंनी 'देवदास'साठी (२००२) उभारलेले महाल. अंक दिसायला देखणा होता. विकल्या किती? एकशे ऐंशी. उरलेली खोकी गॅरेजमध्ये आणि आमची गाडी पावसात!

एका पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंनी अंक चाळला आणि विचारलं, "छान आहे, पण मी हा कुठल्या फळीवर ठेवू?" मला राग आला. घरी येऊन तोच अंक परक्यासारखा वाचला, तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं.

एक उदाहरण देते. केन अ‍ॅडम यांनी 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'साठी (१९६४) शेपर्टन स्टुडिओत वॉर रूम उभारली होती. त्यावर मी दोन पानं 'भव्य', 'थरारक' अशी विशेषणं लिहिली. पण सिनेमा कृष्णधवल असूनही तिथल्या मोठ्या गोल टेबलावर हिरवं कापड होतं. कारण दिग्दर्शक कुब्रिकना वाटत होतं की नटांना आपण पत्त्यांच्या जुगाराला बसलोय असं वाटलं पाहिजे. ही गोष्ट मी एका ओळीत उरकली होती. सेट बांधणाऱ्याला तीच ओळ हवी होती, माझी विशेषणं नको होती!

दुसरी अडचण फोटोंची. सिनेमातल्या दृश्याचा फोटो छापायचा म्हणजे हक्कांचे पैसे. आणि नीट छापायला इंचाला तीनशे ठिपके लागतात. जुन्या डीव्हीडीचं चित्र सातशे वीस ठिपके रुंद, म्हणजे कागदावर २.४ इंच. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं! तेव्हा ठरवलं की फोटो कमी करायचे आणि सेटचे आराखडे स्वतः काढायचे. सिनेमा थांबवून थांबवून दारं, पायऱ्या, खिडक्या मोजायच्या आणि नकाशा करायचा. हे स्वस्त पडलं आणि वाचकाच्या जास्त उपयोगाचंही ठरलं.

आणि तिसरी गोष्ट ठरवली, एका अंकात एकच वस्तू. दुसऱ्या अंकाचा विषय 'भिंत'.

आता भिंत म्हटल्यावर मला आमचे मामा आठवायला हवे होते ना? मामा कोल्हापूरचे. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये वीस-बावीस वर्षं ते सेट रंगवायचे. पहिल्या अंकाच्या वेळी आई म्हणाली होती, "अगं, मामाला विचार की." मी म्हटलं, विचारू सावकाश, आधी मोठी नावं होऊ देत. पुढे कोविड आला, छपाई थांबली, आणि फोन करायला २०२२ साल उजाडलं. तोवर मामा ब्याऐंशीचे झाले होते आणि काचबिंदूने नजर बरीच गेली होती.

मी विचारलं, "मामा, नवी भिंत जुनी कशी करायची?"

म्हणाले, "अगं पोरी, भिताड कुठंबी मळत न्हाई. माणूस जिथं टेकतो तिथं मळतं. आदी त्या घरात कोण ऱ्हातंय ते इचारायचं, मग ब्रश उचलायचा."

मग दीड तास बोलले. बैठकीच्या मागे डोक्याच्या उंचीवर तेलकट डाग पाहिजे. दाराच्या कडेला रोज हात लागतो, तिथला रंग गुळगुळीत आणि काळपट पाहिजे. ओल छपरातून खाली ओघळते नाहीतर जमिनीतून वर चढते, भिंतीच्या मधेच सुरू होत नाही. चुन्यात किंचित नीळ, वरून चहाचं पाणी, आणि ते वाळायच्या आत ओल्या गोणपाटाने पुसायचं. दिसायला नको नजरेने, हाताने बोलत होते ते.

त्या मुलाखतीशेजारी आम्ही सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'तलं (१९५६) बनारसचं घर मांडलं. तो चौक बनारसचा नाही, कलकत्त्याच्या स्टुडिओतला! कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त आधी तो उघड्यावर बांधणार होते, पण पावसाच्या भीतीने सेट आत आणावा लागला. मग आकाशाचा उजेड कुठून आणायचा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणून बसवलं आणि खालून त्यावर दिवे टाकले. परतून येणारा उजेड मऊ, सावल्या न पाडणारा. ते कापड नसतं, तर घर खोटं आहे हे आपल्याला पहिल्याच दृश्यात कळलं असतं. आम्ही छेद काढून कापड कुठे आणि दिवे कुठे ते दाखवलं.

हा अंक साडेचारशे गेला. नेपथ्य शिकणाऱ्या एका मुलीने कॉलेजच्या नाटकासाठी चहाच्या पाण्याने रंगवलेल्या भिंतीचा फोटो पाठवला. तो बघून मी रडले, आणि आमचे हे म्हणाले, "आता कोण मेलं?"

मामांना अंक पोस्टाने पाठवला. मामेबहिणीने वाचून दाखवला. आपलं नाव छापलंय हे त्यांनी दोनदा ऐकलं. खूश होतील वाटलं, तर विचारतात, "आन् बाकीच्यांची?"

सिनेमाच्या पाटीवर तेव्हा कला दिग्दर्शकाचं नाव यायचं, रंगाऱ्यांचं आणि सुतारांचं नाही. मामांच्या टोळीत सहाजण होते. दहा दिवस आठवून आठवून त्यांनी तिघांची पूर्ण नावं सांगितली. उरलेल्या दोघांची फक्त टोपणनावं राहिलीत. ज्यांना ती नक्की माहीत होती ते गृहस्थ २०२१ साली गेले. मी २०१९ मध्ये फोन केला असता तर ती दोन नावं मिळाली असती.

तिसऱ्या अंकाच्या पहिल्या पानावर आम्ही ती तीन नावं आणि दोन टोपणनावं छापली. तेव्हापासून दर अंकात एक पान फक्त नावांचं असतं.

आपल्याकडे ही माणसं थोडी नाहीत. ज्यांनी 'सैरंध्री' (१९२०) काढला त्या बाबूरावांचं आडनाव मेस्त्री, पण लोकांनी त्यांना पेंटरच म्हटलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल यांनी पुढे 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित केला. ही नावं राहिली. पण त्यांच्या सेटवर खिळे ठोकणारे, रंग कालवणारे, कपडे शिवणारे कोण होते?

म्हणून शेवटी एक मागणं आहे. वर्गणी मागत नाही, घाबरू नका. या दिवाळीला घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, आपल्यापैकी कोणी कधी सिनेमासाठी काम केलं होतं का? शिंपी, सुतार, पेंटर, बॅनर रंगवणारे, कोणीही. नाव, गाव आणि काय काम करायचे, एवढं कागदावर लिहून मला द्या. बाकीचं मी बघते. फक्त "विचारू सावकाश" असं म्हणू नका.

आता वडे.