सहा उभे धागे, चार आडवे

भिवंडी परिसरातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी आजची माहिती. गणिताचा उद्याचा पाठ आखताना बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड जरूर उघडून पाहा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले, पुढे ते राज्यभर पोहोचले. २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवर कोड स्कॅन केला, की धड्याचं साहित्य समोर येतं, तेही मोफत. व्हिडिओ घरीच डाउनलोड करून ठेवा. वर्गात नेट नसलं तरी अडत नाही.

पण व्हिडिओ लावला म्हणजे पाठ झाला, असं मला मुळीच वाटत नाही. दोन मिनिटं दाखवा, थांबवा, विचारा. इथली कितीतरी मुलं यंत्रमागाचा खडखडाट ऐकतच मोठी होतात. गुणाकार शिकवताना मागाचाच आधार घ्या: फळ्यावर सहा उभे धागे काढा, चार आडवे. ते किती ठिकाणी एकमेकांना छेदतात? मुलं आधी बोटानं मोजतील. मोजू द्या, घाई नको. मग एखादी ओरडेल, “सहा चोक चोवीस!” आता फळ्याकडे आडवी मान करून बघायला सांगा: चार सक चोवीस.